समुद्री कयाक घेऊन तळ्यात आणि नदीत: वेगळी बोट लागते का?

खारावारा

नमस्कार मंडळी,

आमचा गट पूर्णपणे समुद्रावरचा. भरती-ओहोटीची कोष्टकं तोंडपाठ, लाटांतून किनाऱ्याला लागायची सवय, सगळ्यांना रोल (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) येतो. या मोसमात मात्र आत वळायचं घाटतंय. एक मोठं तळं लांबीने पार करायचं, त्यातून निघणाऱ्या नदीला लागायचं आणि मुक्काम करत करत खाली जायचं.

यावरून गटात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, आहे तीच सतरा फुटी बोट न्यायची. सरळ जाते, हॅचमध्ये (डेकखालच्या सामानाच्या कप्प्यात) तंबूपासून सगळं मावतं, दिवसभर वल्हवलं तरी खांदे शाबूत राहतात. दुसरा तट म्हणतो, नदीत ही बोट म्हणजे आत्महत्या, छोट्या बोटी भाड्याने घ्या.

मी पहिल्या तटात आहे. समुद्र झेपतो त्याला नदी काय जड? ऑस्कर स्पेक १९३२ साली जर्मनीतल्या उल्म गावाहून डॅन्यूबमध्ये घडीची कयाक टाकून निघाला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. त्याच जातीची बोट नदीतून समुद्रात चालते, तर समुद्रातून नदीत का चालू नये?

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहावं. 'जपून जा' एवढंच लिहायचं असेल तर ते घरचे रोज सांगतात.

पाणकावळा

वाचनखूण साठवली आहे. भांडण रंगलं की उठवा.

जुनाजाणता

खारावारा, स्पेकची गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगा की राव. तो डॅन्यूबवरून पुढे वरदार नदीत गेला आणि तिथल्या रॅपिड्सनी (खडकांतून उसळणाऱ्या पाण्याने) त्याच्या बोटीला इतका मार दिला की दुरुस्तीसाठी थांबावं लागलं. वर हिवाळ्यात नदी गोठली. तुमचा साक्षीदार विरुद्ध पक्षाचा निघाला.

खारावारा

@जुनाजाणता, पण पोचला ना शेवटी! :)

तळ्यातमळ्यात

मी तळ्यांबद्दलच लिहितो, नदीचं जाणकार सांगतील.

'गोडं पाणी म्हणजे सोपं पाणी' हा समज समुद्रावरून येणाऱ्यांत फार असतो. तो पहिल्या वाऱ्यापर्यंत टिकतो. समुद्रावरची लांबून आलेली लाट दहा-बारा सेकंदांनी येते. खोल पाण्यात दहा सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण १५६ मीटर भरते, म्हणजे सतरा फुटी बोट तिच्यावर आरामात चढते-उतरते. तळ्यात वाऱ्याला धावायला जागा कमी, त्यामुळे लाट तीन-चार सेकंदांची. तीन सेकंदांच्या लाटेची लांबी जेमतेम १४ मीटर. उंची गुडघ्याएवढीच असली तरी उतार खडा असतो. बोटीचं नाक एका लाटेतून वर येतं न येतं तोच दुसऱ्या लाटेत घुसतं. वल्ह्याची लय बसत नाही आणि डेकवर सारखं पाणी. समुद्रावर ज्या उंचीच्या लाटेत गप्पा मारत जाता, त्याच उंचीला तळ्यात तोंड मिटून वल्हवावं लागतं.

हे झालं लहान तळ्याचं. मोठी तळी म्हणजे समुद्रच, मीठ वगळून. उत्तर अमेरिकेतलं सुपीरियर सरोवर ८२,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे, खोली ४०६ मीटर. १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झजेराल्ड हे अजस्र मालवाहू जहाज तिथल्या वादळात बुडालं, २९ माणसं गेली. तळंच ते!

डोंगरातल्या तळ्याचा वारा घड्याळ लावून येतो. इटलीतल्या गार्डा सरोवरावर पहाटेपासून उत्तरेचा पेलेर आणि दुपारी दक्षिणेचा ओरा. स्थानिक शिडाच्या बोटी त्यावरच दिवस आखतात. तुमच्या तळ्यालाही असं वेळापत्रक असेल तर ते आधी विचारून घ्या. पहाटे निघा आणि जेवायच्या वेळेला काठावर असा. रशियातल्या बैकाल सरोवरावर उलट, तिथला सार्मा वारा दरीतून अचानक सुटतो आणि सेकंदाला ४० मीटरपर्यंत जातो. त्यात बोटीचा प्रकार विचारण्यात अर्थ नाही.

बाकी तळ्यासाठी तुमची सतरा फुटीच बरोबर. तिथे छोटी बोट नेली तर हाल.

हलकंवल्हं

तळ्यातमळ्यात यांना +१. भर घालतो: भरती-ओहोटी नाही म्हणून बोट पाण्याला चिकटून ठेवू नका. सुपीरियर आणि त्याच्या शेजारच्या मोठ्या सरोवरांत भरती पाच सेंटिमीटरसुद्धा नसते, हे खरं. पण वारा पाणी एका टोकाला ढकलून धरतो, आणि वारा पडला की ते पाणी अख्ख्या तळ्यात मागे-पुढे हलत राहतं. याला सेश म्हणतात. जिनिव्हा सरोवरावर फोरेल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला. तिथे एक हेलकावा सव्वा तासाच्या आसपास घेतो. समुद्रावर 'भरती कुठवर येईल' हे बघूनच आपण बोट ओढतो. तळ्याकाठी तोच माणूस निर्धास्त झोपतो आणि सकाळी बोट शोधत फिरतो.

शंकासुर

एक बाळबोध शंका. गोड्या पाण्याची घनता कमी, मग बोट जास्त बुडणार ना? सामान कमी करावं का?

हलकंवल्हं

@शंकासुर, बुडणार, पण किती ते बघा. समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण १०२५ किलो, गोडं १०००. तुम्ही, बोट आणि सामान मिळून १२० किलो धरलं तर समुद्रात ११७ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, तळ्यात १२०. फरक तीन लिटरचा. बोट सतरा फूट लांब असल्यावर तो काही मिलिमीटरमध्ये विरून जातो.

पाणकावळा

म्हणजे एका वेळचं कमी जेवलं तरी भागलं.

शंकासुर

@हलकंवल्हं, धन्यवाद. @पाणकावळा, तुमच्या बाबतीत दोन वेळचं धरू.

भोवरा

नदीबद्दल मी लिहिते. बरीच वर्षं नदीतच आहे, समुद्रावर अधूनमधून जाते.

धागाकर्त्याचं वाक्य 'समुद्र झेपतो त्याला नदी काय जड' हे मी प्रत्येक मोसमात कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते. बोटीचं नंतर बघू. आधी सवयींचं, कारण समुद्रावर ज्या सवयी जीव वाचवतात, त्यातल्या निम्म्या नदीत उलट्या पडतात.

पहिली सवय कल देण्याची. समुद्रावर लाट अंगावर आली की आपण लाटेकडे कलतो, हे अंगात मुरलेलं असतं. आता नदीत बघा. खडकामागे पाणी शांत असतं, ती एडी. तिथून तुम्ही प्रवाहात शिरता. नाक एडीची रेघ ओलांडतं आणि प्रवाह त्याला खाली ढकलू लागतो. शेपूट अजून शांत पाण्यातच असतं. बोट फिरायला लागते आणि वरच्या बाजूने, म्हणजे प्रवाह येतो तिकडून, पाणी येतंय हे कमरेला जाणवतं. समुद्रावरचं शरीर विचार न करता त्या पाण्याकडे, म्हणजे वरच्या बाजूला कलतं. वरची कड पाण्याखाली जाते, प्रवाह डेकवर चढतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत माणूस उलटा. कल खालच्या बाजूला हवा, बोटीचा तळ येणाऱ्या पाण्याला दिसला पाहिजे. आमच्याबरोबर आलेला एक अतिशय पट्टीचा दर्यावर्दी पहिल्या सकाळी याच एका जागी उलटत राहिला. रोल सुंदर होता त्याचा, दर वेळी वर यायचा आणि परत तिकडेच कलायचा.

पण खडकावर आडवे जाऊन आदळलात तर मात्र खडकाकडे कला, त्याला मिठी मारा. भीतीने लांब कललात की पाणी कॉकपिटमध्ये (बसायच्या जागेत) भरतं आणि बोट खडकाला गुंडाळली जाते.

दुसरी सवय 'बोट सोडू नका'. समुद्रावर सोळा आणे खरं. नदीत बोट धरा, पण तिच्या वरच्या बाजूला राहा. पाण्याने भरलेल्या कॉकपिटमध्ये शंभर लिटरच्या वर पाणी सहज मावतं. ती बोट आणि खडक यांच्यामध्ये तुम्ही नसलं पाहिजे. आणि बोट पडलेल्या झाडाकडे चालली असेल तर द्या सोडून. झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही.

तिसरी, पाय. पाणी कमरेएवढं दिसलं की उभं राहायचा मोह होतो. वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाऊल दगडांत अडकलं की प्रवाह वरून आडवं पाडतो आणि मग सुटता येत नाही. पाठीवर झोपा, पाय वर उचललेले आणि प्रवाह जातो त्या दिशेला, तिरकं पोहत काठ गाठा.

पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. वरून बघताना हे कळत नाही, कारण दुप्पट वेगाची नदीसुद्धा दिसायला साधारण तशीच दिसते.

पाणकावळा

भोवराताई, दंडवत. भांडण रंगवायला बसलो होतो, तुम्ही वर्गच घेतलात.

निवांतनाव

भोवराताईंशी बहुतांशी सहमत, पण चित्र फार भीषण झालंय. त्या लिहितायत ते रॅपिडवाल्या नद्यांचं. लांब, रुंद, संथ नद्या याच बोटींसाठी आहेत. कॅनडातल्या युकॉन नदीवर व्हाइटहॉर्स ते डॉसन ही ७१५ किलोमीटरची स्पर्धा होते. त्यात लांब कयाक असतात, सहा फुटी बोटीत बसून कोणी ७१५ किलोमीटर जात नाही. त्या मार्गात तुमच्यासारखंच आहे बघा, वर लबार्ज नावाचं मोठं तळं, मग नदी, आणि मध्ये फाइव्ह फिंगर नावाचे रॅपिड्स. तिथे नदी खडकांमुळे फुटते, उजवीकडचा मार्ग धरायचा हे ठरलेलं. म्हणजे नदी कुठली आणि तिच्यात काय आहे, यावर सगळं.

नद्यांची एक ते सहा अशी श्रेणी असते. धागाकर्त्याने आपली नदी कितवीत बसते ते सांगितलेलंच नाही. पहिल्या श्रेणीत सतरा फुटी मजेत जाईल. दुसरीत कसब हवं. तिसरीत मी नेणार नाही, सामान भरलेली तर नाहीच.

भोवरा

@निवांतनाव, संथ नदीतच बंधारे असतात, हे विसरलात. माणसाने बांधलेला बुटका बंधारा कुठल्याच श्रेणीत नीट बसत नाही आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. वरून येताना पाण्यावर एक सरळ आडवी रेघ दिसते आणि त्यापलीकडची नदी दिसेनाशी होते. खाली पडलेलं पाणी मागे वळून परत बंधाऱ्याकडेच येतं. त्यात सापडलेली बोट, ओंडका, माणूस तिथेच फिरत राहतो. धबधब्यासारखा आवाजही नसतो. नकाशावर बंधारे खुणा करून ठेवा आणि रेघ दिसायच्या बऱ्याच आधी काठ धरा.

श्रेणीही कायमची नसते. पाऊस किंवा वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आलं की तीच नदी एक पायरी वर चढते.

खारावारा

मंडळी, भरपूर मिळालं. नदी पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची आहे, एक बंधारा आहे. टोइंगचं काय? आमच्या गटात प्रत्येकाच्या कमरेला टो लाइन (दुसऱ्याची बोट ओढायची दोरी) असतेच. नदीतही तीच वापरू ना?

भोवरा

नको!! लांब दोरी कमरेला बांधून नदीत? दोरी खडकात अडकली की तुम्ही प्रवाहात दोरीच्या टोकाला.

तळ्यातमळ्यात

इथे असहमत. कमरेच्या पट्ट्याला झटकन सुटणारं बकल असतंच. तळ्यात दमलेल्याला ओढायला टो लाइन नसेल तर करणार काय?

भोवरा

तळ्यात खुशाल ओढा. नदीला लागण्याआधी ती हॅचमध्ये गेली पाहिजे. बकल सुटतं हे मान्य, पण हात मोकळा असेल तर, आणि दोरी दुसरीकडे कुठे गुंडाळली नसेल तर. नदीत काठावरून थ्रो बॅग (दोरी भरलेली पिशवी) फेकायची, आणि मोकळी बोट वाहत निघाली तर आपल्या बोटीच्या नाकाने ढकलत एडीत घालायची. डेकवर अडकवलेलं जास्तीचं वल्हं, नकाशाची पिशवी, लोंबणाऱ्या दोऱ्या, सगळं आत घाला. समुद्रावर ते हाताशी लागतं, नदीत ते फांदीला लागतं.

तळ्यातमळ्यात

बरं, नदीत थ्रो बॅग, मान्य. पण तळ्यावर टो लाइन घरी ठेवून या असं कोणी वाचू नये, म्हणून लिहिलं.

जुनाजाणता

थोडं अवांतर. कयाक म्हणजे समुद्राचीच, हे आपण धरून चाललोय. हडसनच्या उपसागराच्या पश्चिमेला आत राहणारे कॅरिबू इन्यूइट तळ्यांत आणि नद्यांतच कयाक वापरायचे. कॅरिबूंचे कळप ठरावीक जागी नदी ओलांडतात. पोहणाऱ्या कॅरिबूला वेगाने गाठायचं आणि भाल्याने मारायचं, हे कयाकचं काम. त्या बोटी लांब, अरुंद आणि हलक्या. कझान नदीवरची अशी एक जागा आज कॅनडात राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तेव्हा खारावारा, 'नदीत लांब कयाक चालत नाही' म्हणणाऱ्यांना हे ऐकवा. स्पेकपेक्षा बरा साक्षीदार आहे.

खारावारा

@जुनाजाणता, हा साक्षीदार उलटणार नाही ना?

जुनाजाणता

उलटायची सोय नव्हती त्यांना, त्या पाण्यात.

निवांतनाव

पाण्यावरून आठवलं. खोल तळं उन्हाळ्यात वर कोमट असतं, पण काठावरून आत वाहणारा वारा वरचं कोमट पाणी लोटून नेतो आणि खालचं थंडगार पाणी काठाशी वर येतं. काल पोहलात तिथे आज दात वाजतात. कपडे पाण्याच्या हिशेबाने घाला, उन्हाच्या नाही. समुद्रवाल्यांना हे ठाऊक असतं, तळं दिसलं की विसरतात.

हलकंवल्हं

एक महत्त्वाचं राहिलं. बोट एका तळ्यातून दुसऱ्यात नेणार असाल तर आधी धुवा, निथळा, पूर्ण वाळवा. झेब्रा शिंपले १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडले आणि नंतर पाण्याच्या नळांपासून सगळीकडे पसरले. त्यांची पिल्लं नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, हॅचमधल्या कपभर पाण्यातही प्रवास करतात. समुद्री कयाकला कानाकोपरे फार. स्केगची (बोट सरळ ठेवणाऱ्या तळाच्या पात्याची) खाच, सीटखालची जागा, स्प्रे स्कर्टच्या (कॉकपिट झाकणाऱ्या कापडाच्या) घड्या. सगळीकडे स्पंज फिरवा. काही तळ्यांवर तपासणीशिवाय बोट उतरवूच देत नाहीत.

शंकासुर

बंधाऱ्यापाशी बोट उचलून न्यायची म्हणजे नेमकं कसं? सामानासकट?

तळ्यातमळ्यात

@शंकासुर, इथे सतरा फुटीवाल्यांचा माज उतरतो. फायबरची रिकामी बोटच २२ ते २७ किलो, वर सामान. भरलेली बोट दोघांनी टोकांना धरून उचलू नये, मधोमध ताण येऊन फायबरला तडा जाऊ शकतो. एकतर सामान उतरवून फेऱ्या मारा, नाहीतर घडीची चाकगाडी न्या. ती मात्र मागच्या हॅचमध्ये मावते का ते घरीच बघा. चाकं निघणारी असली तरच मावते, असा अनुभव.

स्कॉटलंडमध्ये ग्रेट ग्लेनचा मार्ग आहे, समुद्रापासून समुद्रापर्यंत साधारण ९६ किलोमीटर, मध्ये नैसर्गिक तळी आणि १८२२ ला खुला झालेला कॅलेडोनियन कालवा. कालव्यावर २९ लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट चढवणारे-उतरवणारे दरवाजे) आहेत, बानाव्हीला तर आठ एका रांगेत. कयाकवाल्यांनी लॉकमधून जायचं नाही, उचलून पलीकडे न्यायची. तो मार्ग करणारे लाटांपेक्षा चाकगाडीवर जास्त बोलतात. मधलं लॉख नेस हे तळं ३७ किलोमीटर लांब आणि सरळसोट, नैर्ऋत्येचा वारा लागला की पूर्ण लांबीभर लाट वाढत जाते.

पाणकावळा

आणि राक्षस? त्याला कुठल्या बाजूने ओव्हरटेक करायचं?

भोवरा

खालच्या बाजूला कलून. :)

खारावारा

हाहा. तर गटात आज बोललो. तळ्याला आमच्याच बोटी, त्यावर आता वाद नाही. नदीसाठी प्लास्टिकच्या लांब बोटी मिळतायत, दगडाला फायबर लावायचं जिवावर आलं होतं. छोट्या बोटींचा हट्ट धरणाऱ्यांना सामानाचा ढीग दाखवला, ते गप्प झाले. पण मी अजूनही म्हणतो, पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत बोट बदलायची गरज नव्हती.

भोवरा

बोटीबद्दल मीही भांडत नाहीये. जायच्या आधी एक दिवस तुमच्याच बोटी, रिकाम्या, एखाद्या साध्या एडीवर न्या. आत शिरा, बाहेर या, प्रवाह तिरका कापून समोरच्या काठाला जा. लांब बोट प्रवाह कापायला छान असते, छोट्या बोटीपेक्षा कमी घसरते. वळायला मात्र तिला वेळ लागतो, म्हणून खडक दिसल्यावर वळू नका, वळण दिसल्यावरच तयारी करा. स्केग पूर्ण वर. रडर (सुकाणू) असेल तर तोही वर, दगडावर पहिला तोच मोडतो. आणि बंधारा आधी चालत जाऊन बघा, उतरायची जागा कुठे आहे ते ठरवून ठेवा.

खारावारा

एडीचा दिवस ठरवतो. गटातल्या दोघांनी आत्ताच 'आम्हाला रोल येतो, सराव कशाला' असं लिहिलंय. त्यांना या धाग्याचा दुवा पाठवला आहे.

निवांतनाव

रोल आहे ना, मग त्यांनाच आधी सोडा एडीत. आणि स्केगची तार आधी गोड्या पाण्याने धुऊन घ्या, मीठ साचून अर्ध्यात अडकलेली स्केग नदीत वर येणार नाही.

शंकासुर

सरावाचा वृत्तांत टाका, फोटोंसकट. विशेषतः त्या दोघांचे.